पोरगा लाइनमन आहे, पण प्रॉस्पेक्ट आहे का?

पत्र जरा कापून देतोय:

"दादा, आम्ही केटीला राहतो, ह्यूस्टनजवळ. मूळचे साताऱ्याचे. माझा मुलगा १६ वर्षांचा, सोफोमोर वर्ष, म्हणजे दहावी, आत्ता संपतंय. हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये राइट टॅकल खेळतो. उंची ६ फूट ३ इंच, वजन २५५ पाउंड. त्याचे कोच म्हणतात हा पुढच्या लेव्हलला खेळू शकतो. एका ट्रेनरने सांगितलंय ऑगस्टपर्यंत ४० पाउंड वाढवा. एक रिक्रूटिंग सर्व्हिसवाले साडेतीन हजार डॉलर मागतायत, म्हणे शंभर कॉलेजांना प्रोफाइल पाठवू. मिस्टर म्हणतात सगळं थोतांड आहे, एसएटीचा क्लास लाव. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात पोरगं किती सुटलंय. मला फुटबॉलमधलं टचडाउन सोडून काही कळत नाही. चार मिनिटांची हायलाइट्सची लिंक आणि एका मॅचची लिंक पाठवतेय. खरं सांगा, पोरात काही आहे, की कोच सगळ्यांनाच असं म्हणतात? – केटीची एक आई"

ताई, आधी शेवटचा प्रश्न घेतो. हो, कोच बऱ्याच जणांना असं म्हणतात. आणि हो, तुमच्या पोरात काहीतरी आहे. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीच्या मधे जी जागा आहे ना तिथेच तुमची पुढची दीड वर्षं जाणार आहेत.

"पुढची लेव्हल" हा फार लबाड शब्द आहे हो. जिथे शनिवारी लाखभर माणसं मॅचला बसतात तेही पुढची लेव्हल, आणि जिथे स्टँडमध्ये अर्धे लोक खेळाडूंचे आईबाप असतात तेही पुढचीच लेव्हल. कोच खोटं बोलत नाहीत, फक्त कुठली लेव्हल ते सांगत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी भेटलात की सरळ विचारा, कोच, तुमच्या हाताखालून आजवर जे लाइनमन कॉलेजला गेले त्यातल्या कुणासारखा हा वाटतो? नाव सांगितलं की लेव्हल आपोआप कळते.

आता तुम्हाला टचडाउनच कळतं म्हणालात म्हणून थोडं बेसिक सांगतो, तुमच्या मिस्टरांनाही वाचून दाखवा. ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे पाच जण, मधे सेंटर जो बॉल पायातून मागे देतो, त्याच्या दोन्ही बाजूला गार्ड, आणि कडेला टॅकल. या पाच जणांचं काम समोरच्यांना अडवायचं, हे बॉल घेऊन पळत नाहीत, पास झेलू शकत नाहीत, यांच्या नावावर स्कोअरबोर्डवर काही चढत नाही. स्टेडियमच्या माइकवर यांचा नंबर ऐकू येतो तो बहुतेक वेळा होल्डिंग (समोरच्याला धरून ठेवणं) किंवा फॉल्स स्टार्टची (वेळेआधी हलणं) पेनल्टी लागली की! क्वार्टरबॅकचे, म्हणजे पास फेकणाऱ्याचे, यार्ड मोजता येतात, रिसीव्हरचे कॅच मोजता येतात, पण लाइनमनचं काय मोजणार. म्हणून त्याची पारख फक्त दोन गोष्टींवर होते, व्हिडिओ आणि समोर उभा राहिलेला देह. आणि तो देहसुद्धा आजचा नाही. कॉलेजचा लाइन कोच जेव्हा १६ वर्षांच्या पोराकडे बघतो तेव्हा तो २० वर्षांचा झाल्यावर कसा दिसेल ते बघत असतो. ही एक गोष्ट डोक्यात बसली की तुमच्या पत्रातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतील.

मी कराडचा. आमचे चुलते तालमीत वस्ताद होते. नवीन पोरगं आलं की ते त्याला लंगोट लावून मातीत उभं करायचे आणि नुसतं इकडून तिकडे चालायला लावायचे, मागे सरक, बाजूला सरक. वजन विचारायचे नाहीत. म्हणायचे वजन खुराकाने येतं, पाय आईच्या पोटातून येतात. चाळीस वर्षांनी डॅलसच्या उन्हात एका कॉलेजच्या कॅम्पला जाळीला टेकून उभा होतो आणि समोरचा लाइन कोच पोरांना नेमकं तेच करायला लावत होता, मागे सरक, बाजूला सरक. मला हसूच आलं.

तर तुमची चार मिनिटांची लिंक मी तीनदा बघितली. पहिल्या सहा क्लिपमध्ये तो समोरच्याला जमिनीवर लोळवतोय, ज्याला इथे पॅनकेक म्हणतात. बघायला मस्त आहे, घरच्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. पण ताई, समोरचं पोरगं किती आहे बघा ना, १७० पाउंडचं असेल नसेल. २५५ च्या पोराने १७० च्या पोराला आडवं केलं यात कोचला काय कळणार? सायकलला ट्रकने धडक दिली, ट्रक चांगला आहे की नाही ते कळलं का?

मला जे आवडलं ते तुम्ही लिंकच्या शेवटी टाकलंय, तिसऱ्या मिनिटानंतर. पास प्ले आहे. तो मागे सरकतो, ज्याला किक स्लाइड म्हणतात, बाहेरचा पाय मागे टाकत टाकत, आणि समोरचा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे क्वार्टरबॅकवर कडेने धावून येणारा, हा मात्र चांगला धिप्पाड आहे, बाहेरून येण्याचं नाटक करून एकदम आत घुसतो. तुमचं पोरगं फसतं. डोकं खाली जातं, कमरेत वाकतं, तोल पुढे. इथे दहातले आठ लाइनमन संपतात, क्वार्टरबॅक मार खातो. पण याने काय केलं बघा, एक छोटं पाऊल आत टाकलं, बूड खाली बसवलं, पाठ सरळ केली आणि त्या पोराला छातीवर घेऊन जागेवर थांबवलं. अर्धा सेकंद असेल. याला अँकर म्हणतात, आणि चुकल्यावर परत बसणं शिकवायला फार अवघड आहे. कुस्तीत पट निघाल्यावरही जो पैलवान बूड टाकून बसतो ना, तसं. मी ती क्लिप मागे घेऊन घेऊन बघितली.

दुसरी गोष्ट पूर्ण मॅचच्या लिंकमध्ये सापडली, हायलाइटमध्ये नव्हतीच. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांचा रनिंग बॅक डावीकडून चाळीसेक यार्ड पळाला. तुमचा मुलगा उजव्या टोकाला होता, म्हणजे त्याचं काम झालं होतं, तिथेच उभा राहिला असता तरी कुणी बोललं नसतं. पण फ्रेमच्या कोपऱ्यात दिसतोय बघा, पळत सुटलाय, आणि बॅक पडल्यावर त्याला हात देऊन उठवणारा पहिला माणूस तोच. लाइन कोच असल्या गोष्टी शोधत बसतात. ही क्लिप आत घाला, आजच.

आणि जे खटकलं तेही सांगतो. एक म्हणजे दमल्यावर तो कमरेतून वाकतो. लाइनमनने गुडघ्यात बसायचं असतं, जो खाली असतो तो जिंकतो, आणि कमरेत वाकणाऱ्याला इथे वेस्ट बेंडर म्हणून नावच पडतं, एकदा का स्काउटच्या वहीत ते नाव पडलं की पुसायला वेळ लागतो. चौथ्या क्वार्टरमध्ये जवळजवळ प्रत्येक प्लेला वाकलेला आहे. दुसरं म्हणजे हात उशिरा येतात आणि बाहेरून येतात, समोरच्याच्या खांद्याला मिठी मारल्यासारखे, त्यामुळे कॉलेजमध्ये होल्डिंगच्या पेनल्ट्या लागतील. हात आतून, छातीच्या प्लेटवर, अंगठे वर. हे शिकवता येतं, काळजी नको. वाकणं मात्र घोट्याच्या आणि खुब्याच्या लवचिकतेवर आहे, आणि इथेच तुमचा तो ४० पाउंडवाला ट्रेनर माझ्या डोक्यात गेला.

४० पाउंड म्हणजे १८ किलो. तीन महिन्यांत. १६ वर्षांच्या पोराला. ताई, ते मसल नसणार, ते पोट असणार. कॉलेजवाल्यांना चरबीचे २९५ नकोत, त्यांच्याकडे स्ट्रेंथ कोच आहेत, दिवसाला चार-पाच वेळचं खाणं आहे, आणि पहिल्या वर्षाला बहुतेक लाइनमनना रेडशर्ट करतात म्हणजे ते वर्ष खेळायचं नाही, नुसतं जेवायचं आणि वजनं उचलायची. वजन वाढवणं हे त्यांचं काम आहे. त्यांना तुमच्याकडून पाहिजे तो सांगाडा: रुंद खांदे, रुंद खुबे, जाड घोटे, आणि त्या सांगाड्यावर हलणारे पाय.

उदाहरण देतो, तुम्हाला टेक्ससचंच देतो. लेन जॉन्सन. ग्रोव्हटन नावाच्या पूर्व टेक्ससमधल्या एवढ्याशा गावचा. हायस्कूलला तो क्वार्टरबॅक होता, लाइनमन नव्हताच! मग किलगोर कॉलेजला गेला, तिथून ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीला, तिथे टाइट एंड झाला, डिफेन्सिव्ह एंड झाला, आणि शेवटी टॅकल. २०१३ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम कॉलेजची पोरं निवडतात तिथे, चौथ्या नंबरवर उचलला गेला, आणि फिलाडेल्फियाचा राइट टॅकल म्हणून नाव कमावलं. त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर गेलेला एरिक फिशर सेंट्रल मिशिगनचा, म्हणजे मोठ्या नावाच्या कॉलेजचाही नाही. वजन नंतर आलं, पाय आधीपासून होते. दुसरा टॅकल ट्रिस्टन वर्फ्स, तो आयोवातल्या छोट्या गावात कुस्ती करायचा आणि डिस्कस, गोळा फेकायचा. हायस्कूल कुस्तीत हेवीवेटची मर्यादा २८५ पाउंड असते, त्यात बसायला त्याने वजन उलट कमी केलं होतं! २०२० मध्ये पहिल्या राउंडला गेला.

म्हणून माझा सल्ला, ट्रेनरला नमस्कार सांगा. पोराला हिवाळ्यात रेसलिंगला घाला, स्प्रिंगला गोळाफेक आणि डिस्कस. लाइन कोचना दुसरा खेळ खेळणारा पोरगा फार आवडतो, कारण तिथे खोटं चालत नाही. वजन आपोआप जेवढं वाढेल तेवढं वाढू द्या, सीनियर वर्षापर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत, २७५-२८० झालं आणि घोटे, गुडघे अजून वाकतायत तर उत्तम.

आणि अजून एक, हे मी डॉक्टर नसून सांगतोय पण डॉक्टरला विचाराच. आपल्या लोकांना शुगर आणि हार्टचा त्रास गोऱ्यांपेक्षा कमी वजनावर आणि कमी वयात सुरू होतो, घरात कुणाला ना कुणाला आहेच. तेव्हा वजन वाढवायच्या आधी पोराची शुगर, लिपिड, बीपी एकदा तपासून घ्या आणि दर वर्षी घ्या. झोपेत घोरतो का, मधेच श्वास अडकतो का तेही बघा, मोठ्या मानेच्या पोरांत स्लीप ॲप्निया सर्रास असतो. खुराकाचं म्हणाल तर दूध, अंडी, चिकन, डाळ, पनीर, भाकरी, शेंगदाणे, सगळं चालतं, सकाळचं अंगाला लागतं. माझ्या बायकोने आमच्या पोराला, तोही लाइनमन, दोन वर्षं रोज सकाळी सहा अंड्यांची भुर्जी करून घातली, शाळेत त्याला भुर्जी म्हणूनच ओळखायचे.

आता हाताचं. आज रात्री एक काम करा. पोराला भिंतीला पाठ लावून उभं करा, हात जमिनीला समांतर सरळ, आणि शिवणाच्या टेपने खांद्याच्या टोकाच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. सेंटिमीटर विसरा, इंचात. ३३-३४ इंचाच्या पुढे आलं तर तो मोठ्या कॉलेजला टॅकल म्हणून बघितला जाईल, उंची जरा कमी असली तरी. ३२ च्या आसपास असेल तर मोठ्या लेव्हलला तो टॅकल नाही, गार्ड किंवा सेंटर आहे, आणि त्यात रडण्यासारखं काही नाही. डॅलस काउबॉइजचा झॅक मार्टिन नोत्र दाम युनिव्हर्सिटीला टॅकल होता, हात टॅकलसाठी जरा आखूड म्हणून २०१४ मध्ये डॅलसला आल्यावर गार्ड झाला आणि त्याच्या काळातला सगळ्यात भारी गार्ड म्हणून रिटायर झाला. का मोजतात एवढं तर टॅकलला कडेला एकट्याला लांब हाताच्या, वेगवान पोरांना अडवायचं असतं. ज्याचा हात आधी पोचला तो जिंकला. आत गार्ड-सेंटरला दोन्ही बाजूला मदत असते, तिथे हातापेक्षा डोकं आणि कंबर.

म्हणून हाताचं माप काहीही येवो, या उन्हाळ्यात त्याला बॉल स्नॅप करायला शिकवा. बॅकयार्डमध्ये रोज शंभर स्नॅप, तुम्ही मागे उभ्या राहा, तुम्हीही थोडं फुटबॉल शिकाल. पाचही जागा खेळता येणारा पोरगा आणि एकच जागा खेळता येणारा पोरगा, यात कोच कुणाला घेईल हे सांगायला नको. जेसन केल्सी सिनसिनाटीला वॉक-ऑन म्हणून आला होता, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, तेही लाइनमन म्हणून नाही. सेंटर झाला आणि १३ सीझन फिलाडेल्फियाला खेळला.

(गंमत म्हणजे कॉलेजचे कोच घरी आले की आईबापाची उंची बघतात, मामा किती उंच हेही विचारतात. आमच्याकडे आलेला एक जण माझ्याकडे बघून जरा खट्टूच झाला होता, मग बायकोचा भाऊ फोटोत दाखवला, ६ फूट २, तेव्हा चेहरा खुलला. तुमच्याकडे साताऱ्याचा कुणी उंच काका असेल तर फोटो काढून ठेवा.)

साडेतीन हजार डॉलर. नाही. अजिबात नाही. मी दिले होते, साडेतीन नाही पण दोन हजाराच्या वर, कंपनीचं नाव घेत नाही. त्यांनी एक प्रोफाइल पेज बनवलं ज्यात पोराचा जर्सी नंबर चुकलेला, आणि एकच मेल शे-दीडशे कॉलेजांना एकदम गेला. उत्तर आलं तीन ठिकाणहून, तिन्ही ऑटोमॅटिक. नंतर पोराने स्वतः बारा लाइन कोचना बारा वेगळ्या मेल लिहिल्या, त्यातल्या चौघांनी खरं उत्तर दिलं. खर्च शून्य. आणि कुणी म्हणालं स्कॉलरशिप मिळाली तर इतके टक्के द्या, तर फोनच ठेवा, टक्केवारीवर फी घेणं एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, नियमात बसत नाही, पोराची एलिजिबिलिटी (खेळायची पात्रता) अडकेल.

मेलमध्ये काय लिहायचं तर पोरानेच लिहायचं, तुम्ही नाही, आणि मिस्टर तर नाहीच. नाव, शाळा, ग्रॅज्युएशनचं वर्ष, उंची, वजन, हाताचं माप, जीपीए (मार्कांची सरासरी), हायस्कूल कोचचा नंबर, आणि हडल या खेळाच्या व्हिडिओंच्या साइटवरची लिंक. लिंक नवी बनवा. गाणं काढून टाका. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला पोराभोवती गोल करा. पहिल्या पाच-सहा क्लिपमध्ये पास प्ले पाहिजेत, तो अँकरवाला पहिला, तो पळत गेलेला दुसरा, पॅनकेक एखादाच आणि तोही धिप्पाड पोराला केलेला. कोच तीस सेकंद बघतो आणि ठरवतो पुढे बघायचं की नाही. आणि शाळेला विचारा एंड झोन कॉपी आहे का, म्हणजे गोलपोस्टमागून वरून घेतलेला व्हिडिओ, साइडलाइनच्या व्हिडिओत लाइनमनचे पाय दुसऱ्यांच्या मागे झाकले जातात, मागून घेतलेल्यात सगळं उघडं पडतं. बरोबर एका पूर्ण मॅचची लिंक द्या, शक्यतो ज्या मॅचमध्ये समोर चांगली टीम होती, हरलेली असली तरी चालेल.

टायमिंगचं सांगतो. ज्युनियर वर्षाच्या (अकरावीच्या) १ सप्टेंबरपासून डिव्हिजन वनचे, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या कॉलेजांचे (त्याखाली टू आणि थ्री), कोच फुटबॉलच्या पोरांना स्वतःहून मेल-मेसेज करू शकतात. म्हणजे तुमच्याकडे उन्हाळा आहे. १ सप्टेंबरला सकाळी फोन वाजला नाही म्हणून घरात सुतक पाळू नका, बहुतेकांचा वाजत नाही. आणि ज्या दिवशी चकचकीत छापील पत्र येईल, कॅम्पचं आमंत्रण, त्या दिवशी पेढेही वाटू नका, ती हजारोंना जातात, कॅम्पची फी हेच त्यातलं काम. खरी आवड कशी ओळखायची? लाइन कोच स्वतः, त्याच्या नंबरवरून, पोराच्या एखाद्या ठरावीक प्लेबद्दल विचारतो, आणि ट्रान्सक्रिप्ट (शाळेच्या मार्कांचा तक्ता) मागतो. ट्रान्सक्रिप्ट मागितलं की समजा खुर्ची सरकवून बसलाय.

जूनमध्ये कॉलेजांचे एकेक दिवसाचे कॅम्प असतात. दोन-तीनच निवडा, जिथे तो खरंच खेळू शकेल अशा कॉलेजांचे, आणि एखादा मेगा कॅम्प जिथे एकाच मैदानावर बऱ्याच कॉलेजांचे कोच येतात. तिथे वन-ऑन-वन असतं, एक लाइनमन, समोर एक डिफेन्सिव्ह लाइनमन, मधे कुणी नाही, आणि भोवती सगळे कोच गोल करून. आमचा पोरगा पहिल्या खेपेला असा उताणा पडला की मी तिकडे बघायचंच सोडलं. पण तो उठला आणि रांगेच्या शेवटी जायच्या ऐवजी परत पुढे येऊन उभा राहिला, म्हणाला अगेन. दुसऱ्यांदाही हरला, पण उभा राहून हरला. तिसऱ्यांदा थांबवलं. त्यानंतर एक कोच क्लिपबोर्ड घेऊन त्याच्याजवळ गेला आणि नाव विचारलं. शेवटी त्याच कॉलेजला, डिव्हिजन टूला, तीन वर्षं गार्ड खेळला, अर्धी फी माफ, सिव्हिल इंजिनिअर झाला. तुमच्या पोराला एवढंच सांगा, रांगेत पुढे राहा.

आता मिस्टरांसाठी. साहेब, थोतांड नाहीये, आणि एसएटीचा क्लास पण लावा, भांडण कशाला. डिव्हिजन वनला एनसीएएच्या नियमाने १६ कोअर कोर्स (मुख्य विषयांचे) आणि त्यात किमान ४ पैकी २.३ जीपीए लागतो, आपल्या घरात हा आकडा सांगायलाही लाज वाटेल पण यातले १० कोर्स सीनियर वर्ष सुरू व्हायच्या आधी झाले पाहिजेत, तेवढं काउन्सेलरला विचारून घ्या. एनसीएएने २०२३ मध्ये एसएटीची अट काढून टाकली, पण डार्टमथला वगैरे एसएटी किंवा एसीटी परत लागते. आणि इथेच तुमच्या पोराची खरी किंमत आहे. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे येल, डार्टमथसारख्या नामांकित कॉलेजांत, ॲथलेटिक स्कॉलरशिप नसतेच, मदत घरच्या उत्पन्नावर, पण कोचला पाहिजे असलेला पोरगा ॲडमिशन ऑफिससमोर वेगळ्या रांगेत उभा असतो. २७५ चा, पाय हलणारा, मार्क चांगले असलेला लाइनमन या कोचना सहजी सापडत नाही हो. तुमच्या ह्यूस्टनलाच राइस आहे, ते डिव्हिजन वन. सॅन अँटोनियोला ट्रिनिटी आहे, ते डिव्हिजन थ्री, म्हणजे फुटबॉलची स्कॉलरशिप नाही पण मार्कांवर चांगले पैसे देतात. मधल्या लेव्हलला टेक्ससमध्येच किती आहेत, स्टीफन एफ. ऑस्टिन, इन्कार्नेट वर्ड, लामार, डिव्हिजन टूला अँजेलो स्टेट, किंग्जव्हिल. ही नावं साताऱ्यात कुणाला माहीत नसतील, त्याला काय करायचंय.

मोठ्या कॉलेजांचं खरं सांगायचं तर तिथलं दार सध्या हायस्कूलच्या पोरांना अर्धंच उघडं आहे. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलायची सोय, आल्यापासून कोच विचार करतो, १८ वर्षांच्या पोराला तीन वर्षं पिकवत बसू की दुसरीकडे पिकलेला २१ वर्षांचा आणू? लाइनमन तर सगळ्यात उशिरा पिकतो. त्यात २०२५ च्या कोर्टाच्या सेटलमेंटनंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांना फुटबॉलचा रोस्टर (टीमची यादी) १०५ पोरांपर्यंतच ठेवायचाय, त्यामुळे वॉक-ऑनच्या जागाही आटल्या. म्हणून ऑफर उशिरा येतात, सीनियर सीझनच्या मधेही. आणि तोंडी ऑफर आली तर पोराने शांतपणे विचारायचं, कोच, मी आज हो म्हणालो तर तुम्ही मला घेताय का? उत्तरात जरा जरी आढेवेढे आले तर ती ऑफर अजून ऑफर नाही. तुमच्या घरात कुणी व्हिसावर असेल, मुलगा इथला सिटिझन नसेल, तर स्कॉलरशिपला अडचण नसते पण जाहिरातीबिहिरातीच्या पैशांना हात लावायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा, तिथे चूक महागात पडते.

एक राहिलं, आणि हे मी सगळ्या लाइनमनच्या आयांना सांगतो. ऑगस्ट. केटीचा ऑगस्ट मी तुम्हाला काय सांगू. २००१ मध्ये मिनेसोटा वायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर, टॅकल, २७ वर्षांचा, प्रॅक्टिसमध्ये उष्माघाताने गेला. २०१८ मध्ये मेरीलँड युनिव्हर्सिटीचा जॉर्डन मॅकनेअर, हाही लाइनमन, १९ वर्षांचा, वर्कआउटमध्ये कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला, त्याला बर्फाच्या पाण्यात बसवलंच नव्हतं. मोठ्या अंगाच्या पोरांना हे सगळ्यात आधी होतं. तेव्हा शाळेत जाऊन तिथल्या ट्रेनरला विचारा, प्रॅक्टिसच्या मैदानाशेजारी थंड पाण्याचा टब भरलेला असतो का? आधी गार करायचं, मग हॉस्पिटल, हा नियम माहिती आहे का? विचारायला लाजू नका. लाजलात तर मिस्टरांना पाठवा, ते भांडायला बरे दिसतायत. डोक्याला मार बसला तर तसंच, पोरगा ठीक आहे म्हणाला तरी ऐकायचं नाही, ही पोरं कायम ठीकच असतात.

सासूबाईंना सांगा पोरगं सुटलेलं नाही, खुराक चालू आहे. साताऱ्याच्या आहेत, खुराक म्हटलं की समजतील, वर तूप पाठवतील.

हाताचं माप कळवा. पाव इंचसुद्धा लिहा.